पाच नंबरचा आयता फ्लाय संच ट्राउटच्या हॅचला पुरतो का?

काठी चांगली आहे. रीळ चालून जाईल. लाइन जेमतेम. लाइनच्या टोकाला जे बांधायचं असतं ते, म्हणजे लीडर (निमुळता पारदर्शक धागा), टिपेट (त्याच्या टोकाला जोडायचा बारीक धागा) आणि माश्या, जवळपास सगळं वेगळं घ्यावं लागेल. ऑनलाइन मिळणाऱ्या नऊ फुटी, पाच नंबरच्या, चार तुकड्यांच्या आयत्या फ्लाय संचाबद्दलचं (काठीचा नंबर म्हणजे ती पेलते त्या लाइनच्या वजनाचा नंबर) हे मत आहे आणि ते एकाच कामापुरतं आहे: हिमालयातल्या नदीवर किड्यांचा मोठा हॅच, म्हणजे पाण्यातून एकदम थव्यानं वर येणं, चालू असताना ट्राउट पकडणं. महाशीरसाठी संच शोधत असाल तर हा घेऊ नका, त्याला आठ नंबरची काठी लागते.

डब्यावरचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. या किमतीतले संच घडणीनं एकमेकांचे सख्खे भाऊ असतात. खाली ज्या तपासण्या दिल्या आहेत त्या लावल्या तर कुठलाही संच घरबसल्या पारखता येतो, आणि नागपुरात मागवणाऱ्याला तेच जास्त उपयोगाचं. आपल्याकडे डबा आधी घरी येतो, पारख नंतर होते.

शब्दांचा घोळ नको म्हणून एक गोष्ट आधीच: या लेखात ‘माशी’ म्हणजे हुकावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी. नदीतल्या खऱ्या जिवांना ‘किडे’ म्हटलं आहे.

हॅच म्हणजे काय हे नागपूरकराला समजावायला लांब जावं लागत नाही. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याखाली पंख फुटलेल्या उधईचा थवा उठतो. त्या वेळी भिंतीवरची पाल बघा. ती थव्यामागे पळत नाही. ट्यूबलाइटच्या कडेला एक जागा धरते आणि तोंडासमोरून जाईल तेच टिपते. हातभर अंतरावर हजार किडे असले तरी मान वळवत नाही. हॅचमध्ये ट्राउट अगदी असाच वागतो. पालीची जशी ती भिंतीवरची जागा, तशी ट्राउटची वाहत्या पाण्यातली वीतभर रुंद पट्टी.

नदीतून वर येणारा मुख्य किडा म्हणजे मेफ्लाय. त्याचं पाण्यातलं रूप, निंफ, दगडांखाली कित्येक महिने काढतं. वेळ आली की निंफ पृष्ठभागाकडे पोहत येतो, पाठीवरची कात फाटते आणि आतून मळकट पंखांचा किडा बाहेर पडतो. हा डन. पंख सुकेपर्यंत तो शिडाच्या होडीसारखा पाण्यावर वाहत राहतो, मग उडून झाडाझुडपांवर बसतो आणि पुन्हा एकदा कात टाकतो. पंख आल्यावर कात टाकणारा किड्यांचा हा एकमेव गण आहे. आता पंख काचेसारखे स्वच्छ होतात आणि त्याला स्पिनर म्हणतात. स्पिनर काही खात नाही, त्याचं तोंड निकामी झालेलं असतं. मीलन होतं, मादी पाण्यावर अंडी सोडते आणि पंख पसरून निपचित पडते.

एकाच किड्याची ही रूपं, आणि त्यांच्या अधेमध्ये आणखी एक: अर्धा कातीत, अर्धा बाहेर असा पाण्याच्या पापुद्र्यात अडकलेला इमर्जर. ट्राउटला सगळ्यात कमी कष्टात मिळणारा घास हाच, कारण तो उडूही शकत नाही आणि परत बुडीही मारू शकत नाही. हॅच दाट झाला की मासा पुष्कळदा याच एका रूपावर अडून बसतो. संचातल्या माश्यांची खरी अडचण इथेच आहे.

संचाबरोबर साधारण दोन डझन माश्या येतात. त्यातल्या बहुतेक मानेभोवती कोंबड्याच्या पिसांचा दाट चक्राकार झुपका असलेल्या, उंच तरंगणाऱ्या, म्हणजे फक्त डनची नक्कल करणाऱ्या असतात. चार-पाच जड मण्यांचे निंफ असतात. दोन-तीन भडक रंगाच्या लांब शेपटीच्या माश्या फक्त डबा भरलेला दिसावा म्हणून असतात. इमर्जर एकही नसतो, स्पिनर एकही नसतो. आकार बहुतेक १० आणि १२. हुकाचा नंबर जितका मोठा तितका हूक लहान, आणि हिमालयातल्या ओढ्या-नद्यांवर जे मेफ्लाय दाटीनं वर येतात त्यांतले बरेचसे १६ आणि १८ च्या मापाचे. १० नंबरची माशी त्यांच्यामध्ये चिमण्यांच्या थव्यात बसलेल्या कावळ्यासारखी दिसते.

यातली एक माशी चिमटीत धरून नीट बघण्यासारखी आहे. १४ नंबरची राखाडी ॲडम्स घ्या. तिच्या झुपक्याचं एक-एक पीस हुकाच्या तोंडाच्या दीडपट लांब असायला हवं. हुकाचं तोंड म्हणजे टोक आणि दांडी यांच्यातलं अंतर. संचातल्या माश्यांत ही पिसं दुपटीनं लांब असतात. मग माशी पाण्यावर बसत नाही, पिसांच्या टोकांवर उभी राहते, वाऱ्यानं आडवी होते आणि मासा तोंड मारतो तेव्हा पिसंच आधी दबून हूक तोंडाबाहेर राहतो. पुढे डोळा बघा. दोरा संपवून वर लावलेला डिंक हुकाच्या डोळ्यात उतरून वाळलेला असतो. नदीवर थंडीनं बोटं बधिर झालेली असताना या डोळ्यात ०.१५ मिलिमीटरचा धागा ओवणं फार त्रासाचं आहे. घरीच शिवणाच्या सुईनं प्रत्येक डोळा मोकळा करून घ्या. मग डोळ्यामागची दोऱ्याची गाठ नखानं हलकेच खरवडा. दोरा सुटायला लागला तर ती माशी दोन माशांनंतर उलगडणार. पारदर्शक नेलपॉलिशचा एक बारीक थेंब गाठीवर लावून रात्रभर वाळू द्या. शेवटी हुकाचं टोक नखावर ठेवून हलकेच ओढा; घसरलं तर धार नाही, रुतलं तर आहे.

तीन डझन माश्या वेगळ्या घ्या आणि त्या अशा वाटून घ्या: इमर्जर १२, त्यांत १६ नंबरचे सहा, १४ आणि १८ चे तीन-तीन. पॅराशूट पद्धतीच्या ॲडम्स आठ, १४ ते १८. या पद्धतीत पिसांचा झुपका आडवा, छत्रीसारखा गुंडाळलेला असतो, म्हणून माशीचं पोट पाण्याला टेकतं. एकच माशी डन म्हणूनही चालते आणि अडचणीत इमर्जर म्हणूनही. तांबूस स्पिनर चार, १६ चे. हरणाच्या केसांच्या कॅडिस सहा, १४ आणि १६ च्या, कारण संध्याकाळी पुष्कळदा कॅडिस या दुसऱ्या पाणकिड्याचा वेगळा हॅच येतो. उरलेले सहा फेझंट टेल निंफ, १६ आणि १८ चे, त्यांतले निम्मे मण्याशिवाय. मण्याचा निंफ तळाशी जातो आणि हॅचमध्ये आपल्याला तो पृष्ठभागाखाली चार बोटं हवा असतो.

रंगाबद्दल फार डोकेफोड करू नका. राखाडी, ऑलिव्ह आणि तपकिरी एवढं पुरतं. आपल्याकडचा ब्राउन ट्राउट हा इथला मूळचा नाही. स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून १९०० मध्ये तो काश्मीरात रुजला आणि १९०९ मध्ये तिथून हिमाचलात गेला. मासा परदेशी असला तरी तो खातो ते किडे हिमालयातले आहेत. त्यामुळे परदेशी मासिकांतल्या माशीचं नाव जसंच्या तसं मिळवण्यापेक्षा माप आणि रूप जुळवणं इथे जास्त कामी येतं.

आता लीडर. संचात साडेसात फुटी, टोकाला ३एक्स जाडीचा एक लीडर येतो. ३एक्स म्हणजे ०.२० मिलिमीटर. जाडीचा हिशेब सोपा आहे: इंचाच्या अकरा हजारांशांतून एक्सच्या आधीचा आकडा वजा करायचा. ५एक्स म्हणजे सहा हजारांश इंच, ०.१५ मिलिमीटर. कुठल्या माशीला कुठला धागा, यासाठी हुकाच्या नंबराला तीननं भागा: १६ ला ५एक्स, १८ ला ६एक्स, १२ ला ४एक्स. संचातला लीडर या हिशेबानं ८ ते १० नंबरच्या माशीचा आहे. त्यावर १६ ची माशी बांधली तर ताठ धागाच तिला पाण्यावर हाकतो. प्रवाह एकीकडे, माशी दुसरीकडे. या फरकाला ‘ओढ’ म्हणू. ओढ लागलेली माशी पाण्यावर बारीक चरा ओढत जाते आणि हॅचमध्ये ट्राउट तिला तोंड लावत नाही, कारण तिच्या शेजारून जाणारे शंभर खरे किडे चरा न ओढता वाहत असतात.

नऊ फुटी ४एक्सचा निमुळता लीडर वेगळा घ्या आणि त्याला ५एक्सच्या टिपेटचा नव्वद सेंटीमीटरचा तुकडा सर्जन गाठीनं जोडा. एकूण बारा फूट होतं. टिपेट नायलॉनचंच हवं. फ्लोरोकार्बन पाण्याहून जड असतं, ते बुडतं आणि लहान माशीला नाकानं खाली खेचतं. निंफसाठी ते चालेल. माशी बांधायला पाच वेढ्यांची सुधारित क्लिंच गाठ, आणि आवळण्याआधी गाठ थुंकीनं ओली करणं सक्तीचं समजा. कोरडी गाठ आवळताना घर्षणानं तापते आणि धागा तिथेच दुबळा होतो. मासा तुटून गेला तर उरलेलं टोक बघा. टोक डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं झालं असेल तर गाठ सरकली. सरळ तुटलेलं असेल तर एक तर जोर जास्त लागला किंवा धाग्यात वाऱ्यानं पडलेली गाठ होती. फेकताना पडणारी ही साधी गाठ धाग्याची ताकद निम्म्यावर आणू शकते, म्हणून दर वीस-पंचवीस फेकींनंतर टिपेटवरून दोन बोटं फिरवा. गाठ लागली तर सोडवत बसू नका, तुकडा बदला.

टिपेटची रीळं नागपुरात कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात लावलेल्या गाडीत नायलॉन एका उन्हाळ्यात म्हातारं होतं. दिसायला तसंच असतं, पण गाठ आवळली की कटकन तुटतं. घरातल्या सगळ्यात थंड आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि रिळावर खरेदीचं वर्ष लिहा.

लाइनची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. पाच नंबरच्या लाइनचे पहिले तीस फूट, टोकाचा सरळ बारीक भाग सोडून, १४० ग्रेन वजनाचे असावेत असं ठरलेलं माप आहे, म्हणजे सुमारे ९.०७ ग्रॅम, सहा ग्रेन इकडेतिकडे चालतात. हे तपासायला इतवारीच्या सराफ्यातल्या काट्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. रिळावरून नऊ मीटर चौदा सेंटीमीटर लाइन मोजून सैल वेटोळं करा आणि काट्यावर ठेवा. ८.७ ते ९.५ ग्रॅममध्ये भरली तर लाइन खरी. दहाच्या वर गेली तर ती सहा नंबरची आहे: काठी सहज वाकेल, नवशिक्याला फेक सोपी वाटेल, पण लाइन पाण्यावर धपकन पडेल. उथळ, संथ पाण्यात तेवढ्यानं मासे दहा मिनिटं गप्प होतात.

दुसरी अडचण उष्णतेची. ट्राउटसाठीच्या लाइनचा वरचा लेप थंड पाण्यात लवचीक राहावा असा मऊ बनवलेला असतो. नागपुरात मार्चअखेरच तो चिकट व्हायला लागतो, आणि नवतपात पारा ४५ च्या वर गेला की लाइन काठीवरच्या कड्यांतून सरकायचीच बंद होते. संचातल्या स्वस्त लाइनला दोन्हीकडून मार बसतो: इथे चिकटते आणि हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या गार पाण्यात स्प्रिंगसारखी वेटोळी धरते. इलाज असा. नदीवर पोचल्यावर पहिले बारा-पंधरा मीटर काढून मीटर-मीटरचा तुकडा दोन्ही हातांत धरून सावकाश ताणा, पाच सेकंद धरा, सोडा. झटका देऊ नका, लेपाला चिरा पडतात. धुवायची तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, मग साधं पाणी आणि सावलीत वाळवण. डास पळवायचं मलम लावलेल्या हातानं लाइनला स्पर्श करू नका. अशा बऱ्याच मलमांतलं डीट हे रसायन लाइनचा लेप विरघळवतं. बोटांच्या ठशांच्या जागी लाइन खरबरीत होते आणि नेमकी तिथेच बुडायला लागते. पैसे जमतील तसे सगळ्यात आधी लाइन बदला. काठी बदलण्याची घाई नको.

काठीबद्दल तक्रार करण्यासारखं थोडंच आहे, पण तपासणी मात्र पार्सल उघडल्या दिवशीच करा. घरात जोडायच्या आधी पंखा बंद. नऊ फुटांचं टोक छताच्या पंख्याला लागायला एक क्षण पुरतो, आणि कार्बनची काठी पात्याच्या एका फटक्यात जाते. दाताच्या काडीवर कापूस गुंडाळून प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. तंतू अडकला तर कडीला खाच आहे आणि ती लाइन सोलणार. टोकाची कडी खास बघा. तुकडे जोडताना त्यांच्यावरचे जुळणीचे ठिपके पाव फेरा बाजूला ठेवून ढकला आणि बसवता-बसवता फिरवून एका रेषेत आणा. पूर्ण बसल्यावर काठी हलकेच हलवा. टकटक आवाज आला तर तो सांधा सैल आहे, परत पाठवा. बुचाच्या मुठीत भुश्यानं भरलेले खड्डे असतातच, त्याचं काही बिघडत नाही.

या काठ्या मोडतात त्या बहुतेक सांध्यात, आणि कारण एकच: फेकता-फेकता सांधा अर्धा सेंटीमीटर निसटतो, कुणी बघत नाही आणि पुढच्या जोरात सगळा ताण पातळ कडेवर येतो. साधी पांढरी मेणबत्ती आतल्या टोकावर एकदा घासा आणि दर अर्ध्या तासानं तिन्ही सांधे हातानं दाबून बघा. दुसरं कारण मासा काढतानाचं. मासा पायाशी आला की काठी खांद्यामागे उभी नेली जाते, सगळा वाक शेवटच्या फूटभरात येतो आणि टोक तुटतं. काठी आडवी झुकवा, म्हणजे मूठ आणि खालचा तुकडा काम करतात.

कामाला काठी कशी? आठ ते बारा मीटरपर्यंत छान. मध्यम-जलद वाक आहे, टोक पुरेसं मऊ आहे, म्हणून ५एक्सला झटका बसत नाही. पंधरा मीटरपुढे लाइन हवेत कोसळते, पण हॅचमध्ये तेवढं लांब फेकायची गरज सहसा पडत नाही. लांब फेकीत चार वेगवेगळ्या वेगांच्या धारांवर लाइन पडते आणि माशीला लगेच ओढ लागते. तीर्थनसारख्या दगडगोट्यांच्या नदीवर सात-आठ मीटरवर जाऊन, काठी उंच धरून, जमेल तेवढी लाइन पाण्याबाहेर ठेवणं जास्त फळतं.

रीळ लाइन साठवायची पेटी आहे असं समजा. पाच नंबरच्या कामात ट्राउट हातानं लाइन ओढूनच आणला जातो. फक्त मूठ कुठल्या हाताला लावून आली आहे आणि लाइनच्या मागे वीस पौंडी डॅक्रॉनची पन्नासेक मीटर दोरी आहे का, एवढं बघा.

माशी तरंगत ठेवायचं जेल संचात असलं तरी वापरताना जपून. ते सिलिकॉनचं असतं आणि नागपूरच्या उकाड्यात पाण्यासारखं पातळ होऊन बाटलीबाहेर येतं, माश्यांचा डबा तेलकट करून ठेवतं. बाटली उभी, झिपच्या पिशवीत ठेवा. वापरायचं ते मोहरीच्या दाण्याएवढं, बोटांत चोळून, माशी कोरडी असताना. बदकाच्या शेपटीजवळच्या, सीडीसी म्हणतात त्या, पिसांच्या माशीला जेल मुळीच लावायचं नाही. ती पिसं तंतूंत हवा धरून तरंगतात आणि जेलनं चिकटून गोळा होतात. त्यांच्यासाठी सिलिकाची कोरडी पूड घ्या. मासा सोडला की माशी पाण्यात खळबळून चिकटा काढा, रुमालात दाबा, पुडीच्या डबीत टाकून पाच सेकंद हलवा, फुंकर मारा. इमर्जरला फक्त वरच्या झुपक्याला लावा, पोट भिजलेलंच हवं.

या सगळ्याचा कस लागतो तो हॅचच्या तासा-दीड तासात. मार्च-एप्रिलमध्ये पाणी थोडं कोमट होतं तेव्हा, म्हणजे दुपारच्या आसपास, किडे उठतात. ढगाळ, दमट दिवस सगळ्यात चांगला, कारण पंख सुकायला वेळ लागतो आणि डन पाण्यावर जास्त अंतर वाहतात. नंतर बर्फ वितळून नद्या फुगतात, मग पावसाळा. पुन्हा संधी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची बंदी असते. परवाना राज्याच्या मत्स्य विभागाचा काढावा लागतो, आणि काश्मीरात तर तो नदीच्या ठरावीक पट्ट्यापुरता असतो.

पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. नाक बाहेर येऊन मागे बुडबुडा राहिला तर मासा वरचा डन खातो आहे. नाक न दिसता पाठ आणि शेपटीचं टोक वळसा घेऊन गेलं तर तो इमर्जर. पाणी नुसतंच फुगून विरलं तर निंफ. संध्याकाळी, वरवर काही दिसत नसताना बारीक ओठ टेकल्यासारखी वर्तुळं उठली तर स्पिनर. पाण्यावर डोलणाऱ्या डनचा ताफा बघून डनची माशी बांधणं ही सगळ्यात मोठी चूक आहे, कारण जे डोळ्यांना दिसतं ते माशानं सोडून दिलेलं असतं.

मग एकच मासा निवडा. सगळीकडे वर्तुळं उठत असताना अंदाजानं मधोमध फेकत राहिलं की हॅच संपतो आणि हाती काही लागत नाही. निवडलेला मासा किती वेळानं वर येतो ते मोजा. दाट हॅचमध्ये ताल जवळजवळ ठरलेला असतो. माशी त्याच्या पुढे हात-दीड हातावर, त्याच्या पट्टीत आणि त्याच्या तालावर पडली पाहिजे. शक्य असेल तर थोडं वरच्या अंगाला उभं राहून, फेक संपता-संपता काठी वरच्या बाजूला झुकवा, म्हणजे लाइन तिरपी पडते आणि माशी धाग्याच्या आधी माशापाशी पोचते.

चार चांगल्या फेकी नाकारल्या तर बदल या क्रमानं करा. आधी ओढ: टिपेट तीस सेंटीमीटरनं लांबवा. मग रूप: डनऐवजी इमर्जर, किंवा तरंगत्या माशीच्या हुकाच्या वाकाला पंचेचाळीस सेंटीमीटर टिपेट बांधून मागे मण्याशिवायचा निंफ. मग माप, एक माप लहान माशी. रंग सगळ्यात शेवटी. हॅच अतिशयच दाट असेल, पाणी किड्यांनी झाकलं असेल, तर उलट एक माप मोठी माशी बांधून बघा. एवढ्या गर्दीत तुमचीच माशी माशाला वेगळी दिसावी लागते.

हुकांच्या टोकामागचे उलटे काटे घरीच लहान पकडीनं दाबून टाका. जाळी संचात नसते. रबरी जाळ्याची घ्या, सुती दोऱ्यानं माशाचा चिकट थर खरवडला जातो. पाणी वीस अंशांच्या वर गेलं तर मासेमारी थांबवा, सोडलेला मासा त्या तापमानात सावरत नाही. साधा थर्मामीटर खिशात असू द्या.

सरावाचं म्हणाल तर नागपुरात हिवाळ्यातल्या सकाळी, दव असलेल्या गवतावर. रेशीमबागेसारखं मोकळं मैदान बरं. फुटाळ्याच्या काठी गर्दीत मागची फेक कुणाच्या तरी डोक्याला लागेल. सिमेंटवर फेकू नका, लाइनचा लेप झिजतो. हुकाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधा. दहा मीटरवर जेवणाचं ताट ठेवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर दोन दोऱ्या अंथरा. लोकर त्या दोऱ्यांच्या मध्ये दहापैकी सात वेळा पडायला लागली की जायला हरकत नाही.

काठीच्या नळीची लांबी पाऊण मीटरच्या आसपास असते. दिल्लीच्या गाडीत ती खालच्या बर्थखाली आडवी, भिंतीकडे सारून ठेवा. बाहेरच्या बाजूला ठेवली तर दुसऱ्याची ट्रंक तिच्यावर सरकते. दिल्लीहून मनालीच्या रस्त्यानं गेलात तर औटच्या बोगद्याआधी बंजारचा फाटा लागतो, तीर्थन तिकडे. परत आल्यावर माश्यांचा डबा त्याच रात्री उघडा ठेवून वाळवा. बंद डब्यातल्या ओल्या माश्यांचे हूक आठवड्यात गंजतात. आणि लाइन रिळावरून काढून सैल वेटोळ्यांत, सुती पिशवीत, नवतपा लागायच्या आत थंड खोलीत टांगा.